श्वासाचा हिशेब ठेवणारा डॉक्टर

जॉन स्नो हे नाव आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे ते कॉलऱ्यामुळे. लंडनच्या सोहो भागात १८५४ साली आलेली साथ, मृतांच्या घरांचा नकाशा आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा काढून टाकलेला दांडा ही गोष्ट करोनाच्या काळात पुन्हा पुन्हा छापून आली. साथरोगांचे शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आजही पहिल्या काही पानांतच हे गृहस्थ भेटतात. पण स्नो यांचे पोट त्यावर चालत नव्हते. त्यांचा रोजचा व्यवसाय भूल देण्याचा होता. लंडनभर फिरून, कधी इस्पितळात, कधी दातांच्या डॉक्टरकडे, कधी रुग्णाच्या घरी, ते ईथर आणि क्लोरोफॉर्म हुंगवत. हे काम करताना त्यांनी एक साधा प्रश्न लावून धरला. भूल उतरते तेव्हा ते औषध जाते कुठे?

मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना आठवत असेल, शुद्ध येत असताना कुणीतरी कानाशी नावाने हाक मारून डोळे उघडायला आणि खोल श्वास घ्यायला सांगत असते. रुग्णाला वाटते, आपण जागे आहोत की नाही एवढेच ते तपासत आहेत. ते तर असतेच, पण त्या सूचनेमागे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे स्नो यांचे कामही आहे.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी यॉर्क शहरात, नदीकाठच्या गरीब वस्तीत झाला. वडील मजुरी करत. नऊ भावंडांत जॉन थोरला. गणितात डोके चांगले होते. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलला विल्यम हार्डकॅसल या डॉक्टरांकडे उमेदवारीला ठेवले. तिथेच १८३१-३२ च्या थंडीत किलिंगवर्थच्या कोळसाखाणीत कॉलरा शिरला, आणि अठरा वर्षांच्या या पोराला खाणकामगारांवर उपचार करायला पाठवण्यात आले. त्याच सुमारास त्याने मांसाहार सोडला, दारू वर्ज्य केली, आणि पाणीसुद्धा शुद्ध केल्याशिवाय प्यायचे नाही असे ठरवले. आपल्याकडे अशा माणसाकडे कुणी वळून पाहणार नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मात्र हा विक्षिप्तपणाच समजला गेला.

१८३६ साली ते लंडनला आले, तेही बराचसा प्रवास पायी करून. दोन वर्षांत वैद्यकीचा परवाना मिळवला आणि सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर पाटी लावली. रुग्ण फारसे येत नसत. ओळखीपाळखी नाहीत, बोलणे अडखळते, आवाज घोगरा. वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीच्या बैठकींत ते नेमाने उठून बोलत आणि सुरुवातीला कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नसे. तरी ते बोलत राहिले. त्यांचे विषय पाहिले तर एक धागा दिसतो. १८४१ साली त्यांनी जन्मतः न रडणाऱ्या, गुदमरलेल्या बाळांवर निबंध वाचला आणि अशा बाळाच्या फुप्फुसातली हवा एका पंपाने काढून दुसऱ्या पंपाने ताजी हवा आत सोडण्याची युक्ती सुचवली. पुढे बंद खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठला तर प्राण्याचे काय होते, यावरही त्यांनी प्रयोग केले. म्हणजे ईथरची बातमी लंडनला पोहोचण्याआधीच हा माणूस श्वासाच्या मागे लागलेला होता.

ती बातमी अमेरिकेतून आली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला बेशुद्ध केले आणि त्याच्या मानेवरची गाठ काढली गेली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये ईथर देऊन दात काढले गेले, रॉबर्ट लिस्टन यांनी एकाचा पाय कापला. २८ डिसेंबरला जेम्स रॉबिन्सन या दंतवैद्याकडे स्नो यांनी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला.

पहिल्या काही आठवड्यांत लोक जितके हरखले तितकेच पुढच्या आठवड्यांत गोंधळले. एकाला भूल छान लागे, दुसरा खोकून खोकून लाल होई, तिसरा नुसताच बरळत बसे. काही डॉक्टरांनी ईथरचा नाद सोडला. स्नो यांनी मात्र थर्मामीटर काढला. त्यांच्या लक्षात आले की ईथर ही उडून जाणारी गोष्ट आहे आणि हवेत तिची वाफ किती मिसळणार हे हवेच्या उष्णतेवर ठरते. शून्य अंश सेल्सिअसला ईथरवरून गेलेल्या हवेत जास्तीत जास्त एक चतुर्थांश वाफ मावते. वीस अंशाला निम्म्याहून जास्त. त्यात ईथर उडू लागले की स्वतःच थंड पडते, म्हणजे वाफ आणखी कमी. जानेवारीच्या गारठ्यात काचेच्या भांड्यात स्पंज घालून ईथर देणाऱ्या डॉक्टरला आपण रुग्णाला किती औषध देतो आहोत याचा पत्ताच नव्हता. महिन्याभरात स्नो यांनी तापमान आणि वाफेचे कोष्टकच छापले. मग धातूचे एक उपकरण बनवून घेतले. आत गोगलगाईच्या शंखासारखा फिरत जाणारा मार्ग आणि सगळे भांडे पाण्यात बुडवलेले, म्हणजे उष्णता स्थिर राहते. नळी मात्र माणसाच्या श्वासनलिकेपेक्षा रुंद. हा शेवटचा मुद्दा इतरांच्या ध्यानातच आला नव्हता. अरुंद नळीतून ओढून ओढून श्वास घेणारा रुग्ण भुलीने कमी आणि गुदमरण्याने जास्त हैराण होत होता. तोंड-नाक झाकणाऱ्या मुखवट्याला त्यांनी झडप बसवली. ती बाजूला सरकवली की ताजी हवा आत येई आणि वाफ पातळ होई.

सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांचे ईथरवरचे पुस्तक आले. त्यात भुलीच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीत माणसाला आपण कुठे आहोत हे कळते. दुसरीत बुद्धी भरकटते. तिसरीत जाणीव जाते. चौथीत अंग पूर्ण सैल पडते, फक्त श्वास चालू राहतो. पाचवीत तोही अडखळतो. ही पाचवी पायरी त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत पाहिली होती, माणसाला तिथवर न्यायचेच नाही असा त्यांचा दंडक होता. आणि शुद्धीवर येताना माणूस याच पायऱ्या उलट्या क्रमाने चढतो, हेही त्यांनी नोंदवले. शुद्धीवर येणारा रुग्ण मध्येच असंबद्ध का बोलतो, रडतो का, हात का झटकतो, याचे उत्तर इथे आहे. तो जाताना ज्या दुसऱ्या पायरीवरून गेला, तिच्यावरूनच परत येत असतो. आजच्या नातेवाइकांनाही हे ठाऊक असलेले बरे.

पण पायऱ्या उलट चढतो म्हणजे औषध कमी होते, आणि कमी होते म्हणजे ते जाते कुठे? त्या काळी अनेकांना वाटे की ईथर आणि क्लोरोफॉर्म रक्तात जळून जात असावेत, जसे अन्न जळते. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणल्यावर स्नो यांना या प्रश्नाचा निकाल लावण्याची सोय झाली, कारण क्लोरोफॉर्ममध्ये क्लोरीन असते. क्लोरोफॉर्म घेतलेल्याचा उच्छ्वास तापवून लाल केलेल्या नळीतून नेला की क्लोरोफॉर्म फुटतो आणि त्यातले क्लोरीन सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पांढरा साका धरते. तसा साका मिळाला. औषध श्वासावाटे आले तसे श्वासावाटेच, जसेच्या तसे, बाहेर पडत होते. (क्लोरोफॉर्मचा बराच भाग यकृतातही मोडतो हे पुढे कळले, पण आजच्या सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेनसारख्या औषधांना स्नो यांचे म्हणणे जवळजवळ तंतोतंत लागू पडते.)

यापुढचे त्यांचे पाऊल मला त्यांच्या सगळ्या कामात अधिक धाडसाचे वाटते. औषध उच्छ्वासाबरोबर जात असेल, तर तोच उच्छ्वास पुन्हा आत घेतला की गुंगी लांबायला हवी. पण उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेतला तर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुदमरेल. म्हणून १८५० च्या सुमारास त्यांनी आपल्या जुन्या ईथरच्या उपकरणात ईथरऐवजी कॉस्टिक पोटॅशचे द्रावण भरले, जे कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्याला ऑक्सिजन भरलेला फुगा जोडला, आणि मुखवटा स्वतःच्या तोंडावर चढवला. क्लोरोफॉर्मची मात्रा थोडीच होती. एरवी तिचा अंमल थोड्याच वेळात ओसरला असता. या बंद चक्रात तो कितीतरी लांबला. भूल उतरवणारी गोष्ट म्हणजे श्वासाने बाहेर पडणारी वाफ, हे त्यांनी स्वतःच्या देहावर सिद्ध केले. ते एकटे राहत, लग्न केले नाही, आणि अशा प्रयोगांच्या वेळी घड्याळ समोर ठेवून आपल्याच गुंगीचे सेकंद मोजत. ईथर-क्लोरोफॉर्मखेरीज बेंझिन, कार्बन डायसल्फाइड असले कितीतरी द्रव त्यांनी हुंगून पाहिले. आज कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

हे सगळे शरीरात कसे घडते ते थोडक्यात पाहू. वाफ फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांत जाते, तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. औषध देणे बंद केले की प्रवाह उलटा वाहू लागतो. प्रत्येक श्वास वायुकोशातली वाफ थोडी बाहेर टाकतो, तिथली वाफ कमी झाली की रक्तातली वाफ तिथे उतरते, आणि रक्तातली कमी झाली की मेंदूतली रक्तात येते. श्वास थंडावला की ही सारी साखळीच थंडावते. लहान मुलांना भूल लवकर लागते आणि लवकर उतरतेही, हे स्नो यांनी नोंदवले होते. कारणही दिले होते: त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण दोन्ही मोठ्यांपेक्षा वेगवान असते.

मात्र सगळी औषधे सारख्या वेगाने जात नाहीत, आणि इथेही स्नो पुढे होते. कुठले औषध रक्तात किती विरघळते हे त्यांनी मोजले आणि औषधाचे बळ त्याच्याशी जोडले. काही पाहुणे ओसरीवरच बसतात, निघताना चपला घातल्या की गेले. काही थेट माजघरात जाऊन लोडाला टेकतात. ईथर हा माजघरातला पाहुणा. वायुकोशातल्या हवेच्या तुलनेत रक्तात तो सुमारे बारा पट साठतो. एकेकाळी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे हॅलोथेन अडीच पटीच्या आसपास, आजचे सेव्होफ्लुरेन ०.६५ आणि डेसफ्लुरेन ०.४ च्या घरात. म्हणून ईथर दिलेला रुग्ण तासन् तास ओकाऱ्या काढत पडून असे आणि आजचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच डोळे उघडतो. रक्तात जास्त विरघळणाऱ्या औषधाच्या बाबतीत श्वासाचा वेग अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण साठा मोठा आणि बाहेर जायची वाट तीच एक.

मग रुग्णाला भराभर श्वास दिला तर तो झटकन जागा होईल? इतके सरळ ते नाही. जोराने श्वास दिला की औषधाबरोबर कार्बन डायऑक्साइडही धुऊन निघतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मेंदूतले औषध रक्तात यायलाच उशीर होतो. शिवाय श्वास घेण्याची प्रेरणाच कार्बन डायऑक्साइडवर चालते. तो कमी झाला की रुग्ण आपणहून श्वास घ्यायला सुरुवात करत नाही. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने ओढून धरायचे, असा हा प्रकार.

यावर १९२० च्या सुमारास येल विद्यापीठातल्या यँडेल हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा सुचवला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळून द्यावा, म्हणजे त्याचा श्वास आपोआप खोल होतो आणि ईथर लवकर बाहेर पडते. पण कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे भुलीच्या यंत्रावर असणे म्हणजे ते चुकून सुरू राहण्याचा धोका, त्यामुळे ही पद्धत मागे पडली. अलीकडे तीच कल्पना नव्या रूपात परतली आहे. शस्त्रक्रिया संपत आली की श्वासाच्या नळीवर एक छोटा जोड बसवतात. त्यात कोळशाची गाळणी असते. रुग्णाचा उच्छ्वास त्यालाच परत मिळतो, पण गाळणीतून. कोळसा भुलीची वाफ शोषून घेतो आणि कार्बन डायऑक्साइडला जाऊ देतो. मग श्वास कितीही वाढवला तरी मेंदूचा रक्तपुरवठा आटत नाही, आणि अशा रीतीने रुग्ण नेहमीपेक्षा लवकर जागे होतात असे अभ्यासांत दिसले आहे. स्नो यांच्या १८५० च्या उपकरणाची ही हुबेहूब उलटी बाजू. त्यांनी कार्बन डायऑक्साइड गाळला आणि औषध परत दिले; इथे औषध गाळायचे आणि कार्बन डायऑक्साइड परत द्यायचा.

त्यांच्या मूळ उपकरणाला मात्र वारस मिळायला बराच काळ गेला. अमेरिकेत डेनिस जॅक्सन यांनी १९१५ मध्ये आणि राल्फ वॉटर्स यांनी १९२४ मध्ये ती वाट पुन्हा शोधली. आज आपल्या कुठल्याही शस्त्रक्रियागृहात भुलीच्या यंत्रावर चुन्याच्या पांढऱ्या खड्यांनी भरलेला जो डबा दिसतो, तो स्नो यांच्या पोटॅशचाच वंशज.

वाचकांच्या मनात आणखी एक शंका येईल म्हणून इथे सांगून टाकतो. वॉर्डात आणल्यावर तीन रंगीत चेंडूंचे जे प्लास्टिकचे खेळणे ओढायला देतात, ते भूल उतरवण्यासाठी नसते. सूचना ऐकून तुम्ही चेंडू ओढू शकता याचा अर्थच असा, की मेंदूतली बहुतेक वाफ तोवर निघून गेलेली आहे. ते असते फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडण्यासाठी. भुलीत आडवे पडल्याने आणि नंतर टाक्यांच्या दुखण्यापायी वरवर श्वास घेतल्याने फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, त्यात कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो. हृदयाच्या किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी काही आठवडे श्वासाच्या स्नायूंचे व्यायाम केलेल्यांना हा त्रास कमी होतो, असेही अभ्यास आहेत. प्राणायामाची सवय असलेल्यांना हे व्यायाम सोपे जातात. पण शस्त्रक्रियेनंतर लगेच कपालभाती करून उरलेली भूल झटकून टाकू, असा विचार करणारेही भेटतात. त्यांनी तो करू नये. टाके ताजे असतात, भोवळ येते, आणि उपयोग काही नाही. सांगितले तसे संथ, खोल श्वास घ्यावेत आणि दुखत असेल तर ते न लपवता सांगावे, कारण दुखणे आवरल्याशिवाय खोल श्वास घेताच येत नाही.

स्नो यांच्या काळाकडे परत येऊ. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्म देताच दगावली. इंग्लंड हादरले. स्नो यांनी अशा एकेका मृत्यूची कागदपत्रे मिळवून अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की रुमालावर क्लोरोफॉर्म ओतून नाकाशी धरले तर कधी कधी एकदम दाट वाफ आत जाते आणि हृदयच बंद पडते. हवेत चार-पाच टक्क्यांपर्यंत वाफ असेल तर धोका टळतो. सिम्प्सन आणि त्यांच्या एडिंबरोच्या शिष्यांना हे पटले नाही. त्यांच्या मते धोका फक्त श्वासाला, तेव्हा डोळे श्वासावर ठेवले की पुरे.

हा वाद स्नो यांच्या पश्चात थेट आपल्या शेजारी येऊन पोहोचला. आजचा मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्या निजामाच्या हैदराबादेत एडवर्ड लॉरी हे एडिंबरोत शिकलेले सर्जन होते. १८८८ आणि १८८९ मध्ये त्यांनी निजामाच्या पैशाने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसवली, शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले आणि आधी श्वास थांबतो, मग हृदय, असा निर्वाळा दिला. निकाल स्नो यांच्या विरुद्ध गेला असे वाटत असतानाच १९११ साली लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवले की क्लोरोफॉर्म हलका असतानासुद्धा हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबू शकते. स्नो यांनी दाट वाफेकडे बोट दाखवले होते, ते कारण अपुरे होते. पण हृदयाकडे पाहा हे त्यांचे सांगणे बरोबर ठरले. हैदराबादच्या त्या प्रकरणातली एक चांगली गोष्ट म्हणजे लॉरींच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्याचे काम हाती घेतले. भूलशास्त्राला वाहून घेणाऱ्या जगातल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

१८५० नंतर लंडनमधले नामांकित सर्जन स्नो यांनाच बोलावू लागले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या आठव्या बाळंतपणात, म्हणजे राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी, त्यांना राजवाड्यात पाचारण झाले. तिथे त्यांनी आपले उपकरण नेले नाही. प्रत्येक कळेला रुमालावर पंधरा थेंबांच्या आसपास क्लोरोफॉर्म टाकून तो नाकाशी धरला, त्रेपन्न मिनिटे हे चालले, आणि राणी शेवटपर्यंत शुद्धीवर होती. पहिल्या पायरीपलीकडे जायचे नाही आणि दोन कळांमध्ये श्वासानेच औषध उतरू द्यायचे, हे गणित त्यांना पक्के ठाऊक होते. चार वर्षांनी बिअ‍ॅट्रिसच्या जन्माच्या वेळीही तेच हजर होते. राणीने घेतले म्हटल्यावर बाळंतपणात भूल घेण्याविरुद्धची कुरकुर बरीच ओसरली.

कॉलऱ्याचे त्यांचे कामही याच हिशेबी डोक्यातून आले. त्या काळी बहुतेक वैद्यक असे मानत होते की कॉलरा दुर्गंधीतून, कुजक्या वाफांतून पसरतो. रोज वाफा मोजणाऱ्या माणसाला ते पटणे शक्य नव्हते. हवेत सोडलेली वाफ पसरते, पातळ होते आणि तिचा परिणाम मात्रेप्रमाणे होतो, हे ते दररोज पाहत होते. दुर्गंधीतच विष असते तर चामडी कमावणारे आणि हाडे उकळणारे सर्वांत आधी मरायला हवे होते. आणि कॉलरा सुरू होतो आतड्यात, फुप्फुसात नाही. तेव्हा विष गिळले गेले असले पाहिजे. १८४९ मध्येच त्यांनी हे लिहिले होते. १८५४ च्या ऑगस्टअखेर ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा निघाला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढच्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे दुर्गंधीच्या कारखान्यांविषयी साक्ष देताना तेच मत मांडल्याबद्दल लॅन्सेटने त्यांच्यावर कडक टीका केली.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना क्लोरोफॉर्मपेक्षा सौम्य, चटकन उतरणारे काहीतरी हवे होते. नोव्हेंबर १८५६ मध्ये त्यांनी अमिलीन वापरायला घेतले. रुग्ण लवकर जागे होत, ओकाऱ्या कमी. २३८ रुग्णांना ते देऊन झाले, पण त्यांतले दोन दगावले. स्नो यांनी दोन्ही मृत्यू जाहीर केले आणि अमिलीन बाजूला ठेवले. लवकर जाग येते एवढ्यावर औषध सुरक्षित ठरत नाही, हे त्यांना मान्य करावे लागले.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरच्या मोठ्या पुस्तकाचे हस्तलिखित लिहीत असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला ते गेले. वय पंचेचाळीस. शवविच्छेदनात मूत्रपिंडे आकसलेली आढळली, फुप्फुसात जुन्या क्षयाच्या खुणा. स्वतःवर केलेल्या वाफांच्या प्रयोगांनी मूत्रपिंडे गेली असावीत असे काहींना वाटते. लॅन्सेटने चार ओळींची बातमी दिली. तिच्यात कॉलऱ्याचा उल्लेख नव्हता, क्लोरोफॉर्मचा होता. पुस्तक त्यांचे मित्र बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी त्याच वर्षी छापून आणले. १८४८ ते १८५८ या दहा वर्षांच्या त्यांच्या रोजनिशीच्या वह्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक रुग्णामागे दोन-चार ओळी: वय, शस्त्रक्रिया, श्वास कसा चालला, ओकारी झाली का, जाग कशी आली.